दुखतं म्हणजे कसं?

"हॅलो, मिराशी डॉक्टरांचा दवाखाना काय?"

"हो, बोला."

"आमची म्हैस कालधरनं वैरण खाईना झालीया."

"हा माणसांचा दवाखाना आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. नोकरीचा पहिला दिवस, पहिला फोन, आणि तोही म्हशीचा!

जरा वेळानं समोरच्या किराणा दुकानातनं एस्तेरबाई रस्ता ओलांडून आल्या. पर्स टेबलावर ठेवली, पदरानं चष्मा पुसला आणि मघाच्याच घोगऱ्या पुरुषी आवाजात म्हणाल्या, "म्हशीचं ऱ्हाऊ दे. माझ्या बायकोला पहाटेपासनं उलट्या होत्यात, ते सांगणारच होतो. तेवढ्यात तू आपटलास की फोन."

म्हणजे मघाचा फोन समोरच्या दुकानातनं ह्यांनीच केला होता!

"असं बघ," त्या आपल्या आवाजावर आल्या, "घाबरलेला माणूस मुद्द्यावर सरळ येतच नाही. आधी म्हशीचं सांगतो, मग पावसाचं, मग बायकोचं. फोन ठेवायच्या आधी विचारायचं, घरात माणसं बरी आहेत ना? समजलं?"

"समजलं."

"मग आता पेढे काढ. पहिल्याच दिवशी पेशंट घालवलास."

मिरजेत दर दुसऱ्या दाराला दवाखाना. त्यातला आमचा मधल्या आकाराचा. खाली तपासणीची खोली, मागं पेशंट ठेवायच्या चार खोल्या, वर डॉक्टर मिराशींचं घर. आणि ह्या सगळ्याच्या तोंडाशी एक लाकडी टेबल, काळा फोन, टाइपरायटर आणि त्यामागं एस्तेरबाई लोंढे, डॉक्टरांच्या सेक्रेटरी. पाटीवर नाव डॉक्टरांचं होतं, पण गावात लोक 'एस्तेरबाईंकडं जाऊन येतो' म्हणायचे. डॉक्टरांची पत्रं टाइप करायची, नंबर लावायचे, कुणाला आधी आत सोडायचं ते ठरवायचं, पेशंटची तक्रार केसपेपरवर त्याच्याच शब्दांत उतरवायची आणि ऐकलेलं सगळं पोटात ठेवायचं, हे त्यांचं काम. दिवाळीनंतर त्या कायमच्या पुण्याला मुलीकडं जाणार होत्या आणि ती खुर्ची रिकामी होणार होती.

मला ती खुर्ची हवी होती. किती हवी होती म्हणून सांगू! मी राजमती मगदूम, राहणार जयसिंगपूर. आधी नर्सिंगला गेले होते. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांच्या पायाची जखम उघडली आणि मी अशी आडवी झाले, की ते गृहस्थच खाटेवरनं उतरून लंगडत माझ्या तोंडावर पाणी मारायला आले. घरी हा किस्सा पुढं प्रत्येक लग्नकार्यात, पाहुण्यांचं जेवण झालं की, वहिनी साग्रसंगीत सांगायची. पण मला दवाखाना आवडायचा, त्याला काय करणार? रक्त सोडून तिथलं सगळं आवडायचं. म्हणून टायपिंगच्या परीक्षा दिल्या, शॉर्टहँड शिकले. आप्पांनी शेवटचं सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघ. नाही जमलं तर आपल्या दुकानात बसायचं." दुकान भांड्यांचं. जन्मभर गिऱ्हाइकाला पातेल्यावर टिचकी मारून आवाज ऐकवत बसायचं, ह्या विचारानंच मला कापरं भरायचं. आणि डॉक्टर म्हणाले होते, "एस्तेरबाई हो म्हणाल्या तर ठेवतो. त्या नाही म्हणाल्या तर नाही."

एस्तेरबाई काही हो म्हणायची घाई करत नव्हत्या. त्याला कारणं मीच पुरवत होते. दुसऱ्याच आठवड्यात एक फोन आला. बारीक, नाजूक आवाज.

"डॉक्टरांना दाखवायचं होतं."

"काय त्रास होतो?"

"त्रास म्हणजे... दिवस जात नाहीत हो."

मी लगेच आवाज खाली घेतला. असल्या गोष्टी कशा नाजूकपणे विचारायच्या ते मला माहीत होतं. "कधीपासनं?"

"हे गेल्यापासनं."

मला वाटलं, नवरा मस्कतला गेला असेल. मग दिवस कसे जातील म्हणा! पण आपण कोण बोलणार? मी मोठ्या मायेनं सांगितलं, की आमचे डॉक्टर हे बघत नाहीत, पुढच्या गल्लीत बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई आहेत, तिकडं जा, नक्की गुण येईल. त्या "बरं बाई" म्हणाल्या. एक संसार मार्गी लावल्याच्या आनंदात मी त्या दिवशी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी काठी टेकत, कानाला मफलर गुंडाळून सत्तरीच्या टिकेकरकाकू आल्या. "त्या फोनवरच्या मुलीचे आभार मानायला आले," एस्तेरबाईंना म्हणाल्या. "यजमान गेल्यापासनं घर खायला उठतं हो. हिनं सांगितलेल्या दवाखान्यात गेले, तर तिथं सगळ्या पोटुश्या मुली. काय गप्पा झाल्या म्हणून सांगू! एकीला डिंकाच्या लाडवांचं सांगितलं, एकीला झबल्याचं कापड बेतून दिलं. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. उद्या पुन्हा जाते."

एस्तेरबाई काकूंसमोर चेहरा सरळ ठेवून बसल्या. काकूंची पाठ वळली मात्र, त्यांनी टाइपरायटरवर डोकं टेकलं आणि खांदे गदागदा हलायला लागले. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "शब्द ऐकलास, माणूस नाही ऐकलास. पेशंट काही बोलला की एकच प्रश्न विचारायचा. म्हणजे कसं? दिवस जात नाहीत म्हणजे कसं? दुखतं म्हणजे कसं? रोग कुठला ते डॉक्टर बघतील. माणसाच्या तोंडात त्याचा शब्द येईपर्यंत थांबणं हे आपलं काम."

मग सुरू झाली माझी शिकवणी. दुपारी डबा खाताना त्या मला शब्द विचारायच्या. दाढ? ठणकते. पोटात? कळ येते, मुरडा येतो. गळू? ठुसठुसतं. पाठीत? चमक भरते, उसण भरते. पायांना? रग लागते, मुंग्या येतात. "नुसतं 'दुखतं' लिहिलेला केसपेपर मला दिसला, तर तो तुझ्या डब्यात घालीन," म्हणायच्या. त्यांच्याकडं दुखण्याचा शब्द नाही असं कधी झालंच नाही. चाळीस वर्षांचा माणूस कण्हत आत आला, की त्या दोन प्रश्नांत त्याच्या तोंडून नेमका शब्द काढायच्या आणि तो सुटल्यासारखा म्हणायचा, "हां, अगदी तस्संच!"

आणि सोबत सोंगं चालूच. शेवटच्या महिन्यात त्या दुपारी घरी जायच्या आणि तिकडनं फोन करायच्या. कधी कोर्टातले चिडके वकील, कधी सासूला नावं ठेवणारी सून, कधी अथणीची यल्लव्वा. मी दर वेळी फसायचे. यल्लव्वानं तर कहर केला. कानडी हेल काढून, धापा टाकत ती म्हणाली, "छातीवर दगड ठेवल्यासारखं झालंय री, डागदरला बोलवा!" मी सगळं विचारलं आणि धावत वर जाऊन डॉक्टरांना उठवलं. डॉक्टरांची दुपारची झोप म्हणजे देवघर. तिथं कुणी जायचं नसतं. ते बनियनवर खाली आले, फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"डॉक्टर, मीच," तिकडनं एस्तेरबाईंचा शांत आवाज मलाही ऐकू आला. "मुलगी उठवते का नाही ते बघत होते. उठवलं. छान."

एस्तेरबाईंवर ओरडायची डॉक्टरांची छाती नव्हती, म्हणून ते माझ्यावर ओरडले. "पुन्हा ह्या नाटकापायी मला उठवलंस, तर त्याच दिवशी तुझा हिशेब करीन! एस्तेरबाई हो म्हणोत नाही तर नाही म्हणोत. कळलं?"

मला चांगलंच कळलं. दुसऱ्या दिवशी एस्तेरबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ओरडू दे. पुन्हा असा फोन आला तर पुन्हा उठवायचं." बरं, दोघांनाही खूश ठेवायचं कसं? एकच मार्ग होता, सोंग ओळखायचं. मी कान टवकारून ऐकायला लागले आणि मला सापडलं! एस्तेरबाई राहायच्या तांबोळ्यांच्या पिठाच्या गिरणीवर, माडीत. आवाज वकिलाचा असो की यल्लव्वाचा, मागं गिरणीची घरघर असायचीच. त्यानंतर मी एकदाही फसले नाही. कुणी फोनवर विव्हळायला लागलं, की मी शांतपणे म्हणायचे, "एस्तेरबाई, आधी गिरण बंद करायला सांगा." तिकडनं खो-खो हसू. मला जरा शिंगंच फुटली होती म्हणा ना.

तो शनिवार होता. बाहेर बाकावर पेशंट नव्हते. डॉक्टर वर झोपले होते, मी पत्रं टाइप करत बसले होते. फोन वाजला. उचलला, तर मागं गिरणीची घरघर.

"राजमती, मी एस्तेर बोलते."

मला हसूच फुटलं. "अगंबाई! आज स्वतःचंच सोंग?"

"बरं वाटंना गं."

"असं का? नाव सांगा. वय सांगा. आधी कधी दाखवलं होतंत?" मी मुद्दाम ठसक्यात विचारलं.

"छातीत दुखतंय."

"दुखतं म्हणजे कसं, बाई? कळ येते, जळजळतं, का ठणकतं?"

नुसती गिरण ऐकू येत होती. मी हसत वाट बघत होते. आज कुठला शब्द काढतात बघू, म्हटलं.

"काय की गं," त्या म्हणाल्या. "शब्द सापडंना."

माझं हसू जागच्या जागी गेलं. ह्या बाईंना शब्द सापडत नाही? सोंगात तर कधीच असं झालं नव्हतं. सोंगात त्या एकाला तीन शब्द द्यायच्या.

"जवळ कोण आहे?"

"भाभी."

"भाभींना फोन द्या. तुम्ही बोलू नका."

गिरणीवाल्या तांबोळीभाभी फोनवर आल्या. "बाईंना घाम किती सुटलाय हो! ब्लाउज ओला चिंब झालाय. हात गार पडलेत."

"त्यांना उभं करू नका. जिना उतरवू नका. टेकून बसवा, दार उघडं ठेवा. आम्ही आलोच."

फोन ठेवला आणि जिन्यानं वर पळाले. दारापाशी पोचले आणि हात वर करून तशीच उभी राहिले. खोटं कशाला बोलू? नोकरीचाच विचार आला. भाभींनाही त्यांनी शिकवून ठेवलं असेल तर? एस्तेरबाईंचं काही सांगता येत नव्हतं. नाताळात चर्चच्या नाटकात त्या बाळांना मारणारा हेरोद राजा व्हायच्या आणि पोरं भोकाड पसरायची. हेही नाटक निघालं, तर संध्याकाळी मी जयसिंगपूरच्या बसमध्ये आणि उद्या पातेल्यांच्या राशीत. पण 'शब्द सापडंना' हे कानातनं जाईना. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"कोण आहे?" आतनं गर्जना झाली.

"एस्तेरबाईंच्या छातीत दुखतंय!"

दार उघडलं. डॉक्टरांचे डोळे तारवटलेले. "पुन्हा? तुला मी काय सांगितलं होतं?"

"मी विचारलं, दुखतं म्हणजे कसं. तर म्हणाल्या, शब्द सापडंना."

एस्तेरबाईंची आणि डॉक्टरांची ओळख माझ्या वयापेक्षा मोठी होती. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. खुंटीवरचा शर्ट ओढला, बॅग उचलली आणि चपला न घालताच जिना उतरले. मी फाटकापर्यंत मागं पळाले, तोवर त्यांची गाडी वळणापलीकडं गेली होती.

मी परत येऊन टेबलापाशी बसले. फोन सोडून जायचं नसतं, म्हणून बसले. मागची शेवटची खोली उघडून चादर बदलायला आयाबाईला सांगितलं, पुण्याला एस्तेरबाईंच्या मुलीला ट्रंक कॉल लावला, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. आयुष्यात इतकी मी कधी घाबरले नव्हते. आणि काय मागत होते माहीत आहे? मनातल्या मनात हात जोडून म्हणत होते, सोंग असू दे. डॉक्टर आता ओरडत येऊ देत, मला हाकलून देऊ देत, मी मुकाट्यानं पातेली विकीन, पण देवा, हे सोंग असू दे!

सोंग नव्हतं. त्यांना चादरीच्या झोळीत घालून आणलं. चेहरा राखेसारखा झाला होता. डॉक्टर उरलेला दिवस आणि आख्खी रात्र त्यांच्या खोलीतनं हलले नाहीत. मीही घरी गेले नाही. पहाटे डॉक्टर बाहेर आले, माझ्यासमोरच्या बाकावर पेशंटसारखे बसले आणि म्हणाले, "निभावलं. अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो." मग म्हणाले, "चहा कर गं कुणीतरी." तिथं मी एकटीच होते. मी चहा केला.

सकाळी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा एस्तेरबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि डॉक्टर त्यांना झापत होते. झापायची संधी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मिळाली होती.

"तांबोळीभाभी मला सांगत होत्या. त्यांच्या दारात रिक्षा उभी होती. कोपऱ्यावर डॉक्टर आहे, तिकडं नेते म्हणाल्या. आणि तुम्ही म्हणे त्यांना म्हणालात, थांबा, आधी आमच्या दवाखान्यात फोन लावते. का? काय कारण?"

एस्तेरबाईंचा आवाज अगदी खोल गेला होता, पण नजर तीच. "म्हटलं, बघू मुलगी काय करते."

"अहो, मरत होतात तुम्ही!"

"म्हणून तर. डॉक्टर, खरा पेशंट शिकवणीला रोज कुठनं आणायचा?"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातनं काढला आणि पुन्हा गळ्यात घातला. मी दाराला धरून उभी होते. मला बाईंचा असा राग आला म्हणता! रात्रभर माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं आणि ही बाई माझी परीक्षा घेत होती. जीव जात असताना! आणि मी डॉक्टरांना उठवलं नसतं, हसून फोन ठेवला असता तर? ह्या बाईंनी आपला जीव माझ्या हातात ठेवला होता आणि वर बघत होत्या, सांभाळते का सांडते.

तेवढ्यात रात्रीच्या गाडीनं निघालेली त्यांची मुलगी सुवार्ताताई धावतपळत आत आली. आईच्या गळ्यात पडली, रडली, डॉक्टरांना नमस्कार केला. मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. रात्रभराचे विस्कटलेले केस, चुरगळलेली साडी.

"ही कोण गं आई? ती शिकायला येते म्हणालीस ती मुलगी का?"

"ही काय, सुवार्ता?" एस्तेरबाई म्हणाल्या. "ह्या म्हणावं. ह्या मगदूमबाई. डॉक्टर मिराशींच्या सेक्रेटरी."

मी डॉक्टरांकडं बघितलं. ते एस्तेरबाईंची नाडी बघत होते आणि मान हलवून हो म्हणत होते.

"उभ्या का, मगदूमबाई?" एस्तेरबाई मला म्हणाल्या. "रात्रभर जागलात. बसा की."

मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले आणि मला जे रडू कोसळलं ते काही केल्या थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी हुंदके बाहेर यायला लागले. एस्तेरबाईंनी सलाइन नसलेला हात पुढं केला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"हळू रडा हो, बाई," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खोलीतल्या पेशंटला वाटेल, मी गेले."